सरासरीचा पाऊस आणि मामांचे नऊ एकर

तर झालं असं. शुक्रवारी रात्री डिप्लॉयमेंट आटोपून (अर्थात एकदा रोलबॅक करून) घरी आलो, बूट काढतोय तोवर मामांचा फोन. मामा शिरूर तालुक्यात असतात. नऊ एकर जमीन, त्यातली दोन विहिरीवरची बागायत, बाकी सात जिरायत. तीन बोअर मारून झाले, त्यातले दोन कोरडे. आता चौथ्याचा विचार चाललाय, तोही कर्ज काढून. आमच्या मामेभावाचं म्हणणं, बोअर नको, रस्त्याकडचे दोन एकर विकून मोकळे होऊ.

मामांना कुणीतरी मोबाइलवर भारताचा एक रंगीत नकाशा पाठवला होता. हवामान बदलामुळे कुठल्या जिल्ह्यातली शेती किती धोक्यात, ते लाल-पिवळ्या-हिरव्या रंगात. मामांनी सरळ विचारलं, "तू कॉम्प्युटरवाला ना? मग बघून सांग, आपण कुठल्या रंगात येतो?"

मी म्हटलं, "मामा, तो जिल्ह्याचा नकाशा आहे."

"जिल्ह्याचं घेऊन मी काय करू? लोणावळा बी पुणे जिल्हा आन् आपण बी पुणे जिल्हा. तू माझ्या नऊ एकराचं सांग."

मंडळी, माझ्याकडे उत्तर नव्हतं. लोणावळ्याला वर्षाला ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि शिरूर-दौंडकडे ५०० च्या आसपास. दोघांना एकच रंग! आमच्याकडे एखाद्या टेस्टरने असा बग टाकला असता तर पहिल्या तासात 'क्रिटिकल' लागला असता. म्हणून शनिवार-रविवार ह्या एकाच गोष्टीच्या मागे लागलो: जंगल आणि शेती हवामानापुढे किती नाजूक आहेत, हे मोजायचा उद्योग आला कुठून? मोजणाऱ्यांनी नक्की काय मोजलं? आणि शोधता शोधता जे सापडलं ते माझ्या ऑफिसच्या रस्त्यावरच निघालं.

सुरुवात दापोडीपासून. होय, तीच दापोडी, जिथल्या सिग्नलला आपण सगळ्यांनी आयुष्याचे कित्येक तास अर्पण केलेत. १८२८ मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात इथे सरकारी वनस्पती उद्यान सुरू झालं. १८३८ पासून ते पाहायला अलेक्झांडर गिब्सन नावाचा स्कॉटिश डॉक्टर होता. त्या काळी कंपनीचे डॉक्टर लोक झाडपाल्याचंही बघायचे, कारण निम्मी औषधं झाडांतूनच यायची. ह्या गिब्सनने एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून इथल्या झाडांची सुंदर रंगीत चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. चित्रकाराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. असो.

१८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. गोदीला सागवान हवं होतं, थोड्याच वर्षांत रेल्वेला स्लीपर हवे झाले, आणि सह्याद्रीचे उतार भराभर उघडे पडत होते. डोंगर उघडे झाले की ओढे आटतात, खाड्या गाळाने भरतात, आणि पुढे पाऊसही कमी होईल, ही त्या काळच्या डॉक्टर-वनस्पतीतज्ज्ञांची मोठी भीती. गिब्सन त्यांतलाच एक. ह्याच भीतीपोटी ब्रिटिश असोसिएशन ह्या विज्ञानसंस्थेने एक समिती नेमली आणि ह्यू क्लेगहॉर्न वगैरे मंडळींनी १८५१ मध्ये तिच्यापुढे अहवाल ठेवला. विषय: उष्ण प्रदेशातली जंगलं तोडल्याचे आर्थिक आणि भौतिक परिणाम. 'हवामान आणि जंगल' ह्यावरचं हे आपल्याकडचं सुरुवातीचं मूल्यमापन म्हणता येईल.

प्रश्नाची दिशा बघा हं. त्यांचा प्रश्न होता, जंगल गेलं तर हवामानाचं काय होईल? आज आपण उलटं विचारतो, हवामान बिघडलं तर जंगलाचं काय होईल? बाण फिरला.

गिब्सनच्या भीतीचं पुढे काय झालं? १८७५ मध्ये हवामान खातं सुरू झालं. त्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड ह्यांना वाटायचं की जंगल राखलं की पाऊस थोडा वाढतो. नंतर आलेले गिल्बर्ट वॉकर (हेच ते, ज्यांच्या कामातून पुढे एल निनो समजायला मदत झाली) आकडे घेऊन बसले आणि १९१० मध्ये त्यांनी सांगितलं की भारताचं हवामान कायमचं बदलल्याचा पुरावा नोंदींत दिसत नाही. वॉकर गणिती माणूस, त्यामुळे वाद तिथे बराचसा थंडावला. पण गिब्सन अगदीच चुकीचा नव्हता. २०१८ मध्ये आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी दाखवलं की सह्याद्रीतली झाडं जे बाष्प हवेत सोडतात त्याचा तमिळनाडूच्या पावसात चांगलाच वाटा असतो. दीडशे वर्षांनी जुनं तिकीट रीओपन झालं म्हणायचं :)

पण ह्या भीतीचा ताबडतोबीचा परिणाम पावसावर झाला नाही, माणसांवर झाला. १८६५ चा वन कायदा आणि मग १८७८ चा जास्त कडक कायदा. जंगलं 'राखीव' झाली. कायद्यामागे पावसाची काळजी किती आणि लाकडाची किती, ह्यावर इतिहासकार भांडतात. पण डोंगरावर राब जाळणारा, सरपण आणणारा, गुरं चारणारा माणूस एका रात्रीत गुन्हेगार ठरू लागला. ठाणे-कुलाब्याकडे असंतोष इतका वाढला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला.

आणि नेमकं ह्याच काळात पाऊस दगा देऊन गेला. १८७६ चा दुष्काळ. दख्खनमध्ये पाऊस पडला नाही, पाठोपाठ मद्रास, म्हैसूर, हैदराबाद. दोन-तीन वर्षांत देशात ५० लाखांहून अधिक माणसं गेली. रिचर्ड टेंपल ह्यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे पुरतात असं ठरवलं. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम, तेही दिवसभर खडी फोडल्यावर! मुंबई इलाख्यात मजुरी कमी केल्यावर हजारो मजूर काम सोडून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी (सार्वजनिक काका) आणि न्यायमूर्ती रानडे ह्यांच्या मंडळींनी, गावोगावची माहिती गोळा करून सरकारला पत्रांवर पत्रं लिहिली.

पुढे १८८० मध्ये दुष्काळ आयोगाने एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली. पाऊस पडला नाही की सगळ्यात आधी शेतावरचं काम थांबतं. काम नाही म्हणून मजुरी नाही, आणि बाजारात धान्य असलं तरी ते घ्यायला हातात पैसा नाही. म्हणजे आभाळाकडे बघून दुष्काळ किती मारणार हे सांगता येत नाही, घराकडे बघावं लागतं. शंभर वर्षांनी, १९८१ मध्ये, अमर्त्य सेन ह्यांनी हाच धागा धरून दुष्काळावरचं आपलं प्रसिद्ध पुस्तक लिहिलं.

आता माझ्या दृष्टीने ह्या गोष्टीतला पहिला खरा 'मूल्यमापन अहवाल'. तो कुठल्याही समितीने लिहिलेला नाही. तो आहे महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड', १८८३ चा. शाळेत नाव पाठ केलेलं, प्रत्यक्षात ह्या वीकेंडला पहिल्यांदा नीट वाचला. (लाज वाटली.) भाषा तिखट आहे आणि भटशाही-नोकरशाहीवर आसूड आहेतच, पण मधे मधे जो हिशेब आहे तो बघा. फुले म्हणतात, पूर्वी शेतकऱ्याकडे शेताशिवाय गायरान होतं, डोंगर होते. तिथे गुरं चरायची, पानं-फुलं-फळं मिळायची, पडलेलं लाकूड मिळायचं, थोडीफार शेरडं-करडं ठेवता यायची. जंगलखात्याने डोंगर-पडीक-गायरान सगळं आत घेतल्यावर गरिबाच्या जनावराला उभं राहायला जागा उरली नाही. जनावर गेलं की शेण गेलं, शेण गेलं की शेत कसदार राहत नाही. आणि उपाय? गायरानं परत द्या, ठिकठिकाणी ताली-बंधारे घाला म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरेल आणि विहिरींना बारमाही पाणी राहील, तळ्यातला गाळ शेतकऱ्यांना नेऊ द्या. आपण आज ज्याला पाणलोट विकास म्हणतो, ते सगळं ह्यात आलं.

मला ह्यात आवडलं ते हे की फुल्यांनी शेत आणि जंगल वेगळ्या फायलीत ठेवलं नाही. वाईट वर्षात जंगल ही शेतकऱ्याची बँक होती. बँक बंद केली की पाऊस तेवढाच पडूनही माणूस जास्त नाजूक होतो. पावसाच्या आकड्यात हे कधीच दिसणार नाही.

आता दापोडीवरून पुढे, नदी ओलांडून माझ्या घराकडे. मी पिंपळे सौदागरला राहतो. बावीस मजली टॉवर, खाली सुपरमार्केट, समोर तीन प्रकारचे डोसे. ह्या गावाचं नाव जगभरच्या शेती-अर्थशास्त्राच्या पुस्तकांत आहे हे तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं!

हॅरॉल्ड मान नावाचे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ १९०७ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून आले. त्याआधी आसामात चहावर काम केलेलं. आणि त्याहून मजेची गोष्ट, राउंट्री ह्यांनी यॉर्क शहरात गरिबी मोजण्याची जी पद्धत काढली, ती घेऊन मान ह्यांनी इंग्लंडमधलं एक खेडं घर-घर जाऊन मोजलं होतं. तीच पद्धत त्यांनी इथे आणली. सहस्रबुद्धे, कानिटकर वगैरे सहकाऱ्यांना घेऊन एक गाव निवडलं: पिंपळे सौदागर. पुस्तक आलं १९१७ मध्ये.

त्यांनी काय केलं नाही? कुणाला 'तुम्हाला कसं वाटतं' असं विचारून थांबले नाहीत. माती तपासली, विहिरी मोजल्या, पिकांचा खर्च-उत्पन्न काढलं, कर्जं लिहिली, जुने कागद काढून जमिनीचा इतिहास बघितला. १७७१ मध्ये गावात सरासरी खातं होतं ४० एकराचं. १८१८ मध्ये साडेसतरा. १९१४-१५ मध्ये सात एकर! आणि तेही एका जागी नाही. दीडशेच्या वर खातेदारांची जमीन ७०० हून अधिक तुकड्यांत विखुरलेली.

मग त्यांनी घरांचे तीन गट पाडले. पहिला, फक्त शेतीवर ज्यांचं भागतं. दुसरा, शेतीवर भागत नाही पण बाहेरची कमाई धरली तर भागतं. तिसरा, सगळं धरूनही भागत नाही. १०३ कुटुंबांत पहिल्या गटात निघाली ८. दुसऱ्यात २८. तिसऱ्यात ६७. गाव पुण्या-खडकीला लागून, बाहेर काम मिळू शकणारं, तरी ही अवस्था.

टीकाकार म्हणाले असतील, एकाच गावावरून काय ठरवता? तर मान आणि कानिटकरांनी दुसरं गाव घेतलं, शहरापासून लांब, कमी पावसाचं. जातेगाव बुद्रुक. तालुका शिरूर. १९२१ मध्ये तेही पुस्तक आलं, आणि तिथली अवस्था पिंपळे सौदागरपेक्षाही वाईट निघाली.

शिरूर! मी खुर्चीत नीट बसलो. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी ज्या तालुक्यात माझ्या मामांसारख्याच कुणाच्या तरी घरी जाऊन ह्या लोकांनी हिशेब मांडला, तिथूनच मला फोन आला होता. आणि तो आला होता पिंपळे सौदागरमधल्या घरात.

मान नंतर मुंबई इलाख्याचे कृषी संचालक झाले, निवृत्त होऊन इंग्लंडला गेले, पण दख्खन डोक्यातून गेलं नाही. १९५५ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर, त्यांचं आणखी एक पुस्तक मुंबईत छापलं गेलं: १८६५ ते १९३८ ह्या काळातला दख्खनचा पाऊस आणि दुष्काळ. एकीकडे घरांचा हिशेब, दुसरीकडे सत्तरहून अधिक वर्षांचा पाऊस. आजच्या भाषेत सांगायचं तर सगळा डेटा त्यांनी दोन टेबलांत भरून ठेवला होता. जॉइन करायचं काम आपलं.

आता आजच्या मूल्यमापनाकडे येऊ, म्हणजे मामांच्या त्या नकाशाकडे.

आयपीसीसीच्या २००१ आणि २००७ च्या अहवालांनी एक सूत्र रूढ केलं. इंग्रजी शब्दांना सरकारी मराठीत 'भेद्यता' वगैरे म्हणतात, पण मी मामांना सांगितलं तसं सांगतो. तीन गोष्टी मोजायच्या. एक, किती आणि कसल्या संकटाला तोंड द्यावं लागतं. दोन, आलं तर झळ किती बसते. तीन, सावरायची ताकद किती. पहिल्या दोन जास्त आणि तिसरी कमी, की तुम्ही धोक्यात. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने (इंग्रजी आद्याक्षरं मराठीत 'क्रीडा' अशी वाचली जातात, खेळाशी संबंध नाही) ह्या सूत्राने २०१३ मध्ये देशातल्या ५७२ ग्रामीण जिल्ह्यांचा नकाशासंग्रह काढला. २०१९ मध्ये सुधारून पुन्हा काढला, त्यात १०९ जिल्हे 'अति जास्त' आणि २०१ 'जास्त' धोक्याचे निघाले.

जंगलांचंही असंच. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रवींद्रनाथ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मॉडेल चालवलं. उत्सर्जन जास्त राहिलं तर शतकाअखेर जंगलाच्या ७७ टक्के चौकोनांत आजच्या प्रकारचं जंगल टिकायला हवामान पोषक राहणार नाही, असं उत्तर आलं. २०११ मध्ये त्याच गटाने वेगळं, जास्त चांगलं मॉडेल वापरलं. तशाच उत्सर्जनाला उत्तर आलं ३९ टक्के. पाच वर्षांत आकडा निम्मा! ह्यावरून 'हे लोक काहीही सांगतात' असं म्हणणं सोपं आहे. पण कोड लिहिणाऱ्याला माहीत असतं की मॉडेल बदललं की उत्तर बदलतं, आणि ३९ टक्के हाही काही छोटा आकडा नाही. मला खटकलं ते वेगळंच. अशा मॉडेलला तापमान, पाऊस, माती, कार्बन डायऑक्साइड कळतो. वणवा कुणी लावला, जंगलाच्या मधून रस्ता गेला का, गावाला ते आपलं वाटतं का, हे कळत नाही. नंतर काही संशोधकांनी तुटलेपणा, तोड, विरळ होत जाणारं छत्र हेही मोजायला घेतलं. आजच जखमी असलेलं जंगल उद्याच्या उन्हात आधी कोसळणार, हे सांगायला मॉडेल लागत नाही म्हणा.

२०१४ मध्ये आयपीसीसीने व्याख्या बदलली. बाहेरून येणारं संकट वेगळं आणि आतला नाजूकपणा वेगळा मोजायचा. १८८० च्या आयोगाने जे म्हटलं होतं, त्याच्याच जवळ आले की नाही? ह्या नव्या व्याख्येने विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने सगळ्या राज्यांचा एक निर्देशांक काढला, तो २०२१ मध्ये जाहीर झाला. गरिबी, कोरडवाहू क्षेत्र, पीक विमा, रोजगार हमी, दवाखान्यातली माणसं, आणि दर हजार ग्रामीण लोकांमागे जंगल किती, असे मापदंड. शेत आणि जंगल एकदाचं एका तक्त्यात आलं! फुल्यांना बरं वाटलं असतं. मात्र जंगल किती आहे हे मोजलं, त्यात गावाला जाता येतं का हे नाही. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्याआधी आणि त्यानंतर जंगल तेवढंच होतं, गाव मात्र तेवढंच नाजूक राहिलं नाही.

आणि निकाल? सर्वांत नाजूक राज्य झारखंड. सर्वांत कमी नाजूक राज्य... महाराष्ट्र.

मी दोनदा वाचलं. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी भरून लातूरला न्यावं लागलं ते राज्य यादीत सगळ्यात सुरक्षित! हिशेबात चूक नसावी. मुंबई-पुणे-ठाण्याची समृद्धी, रस्ते, दवाखाने एका पारड्यात, लातूर-बीड-शिरूर त्याच पारड्यात. ढवळलं की येते ती सरासरी. आमच्याकडे नवीन मुलगा आला की पहिल्या महिन्यात शिकतो: सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाइम बघून खूश होऊ नकोस, सगळ्यात वाईट एक टक्का युजरना किती वेळ लागतो ते बघ. सोडून जाणारे तेच असतात. अहवाल लिहिणाऱ्यांनीही म्हटलंय की राज्याराज्यांत फरक थोडा आहे आणि सगळीच राज्यं नाजूक आहेत, पण बातमीत यादीच छापून येते.

असो. मामांचा प्रश्न अजून बाकी होता. रविवारी सकाळी चहा घेऊन बसलो, एक्सेल उघडलं आणि फोन लावला. मान साहेबांची पद्धत: घरात वर्षाला किती लागतं, शेतातून किती येतं, बाहेरून किती येतं. फक्त एक बदल केला. सरासरी वर्ष घेतलं नाही, २०१२ ते २०२३ अशी बारा वर्षं एकेक करून भरली.

मामांना मिलिमीटर आठवत नाहीत. "ते बैल विकला ते साल," "ते हस्ताचा पाऊस आलाच नाय ते साल," असं. पण लागली वर्षं बरोबर. २०१२, २०१४, २०१५, २०१८, २०२३: पाऊस नाही. २०१९ आणि २०२०: पाऊस चिक्कार, पण काढणीच्या वेळी, कांदा शेतातच सडला. राहिली पाच. बारातली फक्त पाच वर्षं अशी, की ज्यांना शेतीचं पुस्तक 'सामान्य वर्ष' म्हणेल.

बारा वर्षांची सरासरी काढली तर वर्षाला थोडी शिल्लक दिसते. म्हणजे नकाशात मामा हिरवे! एकेक वर्ष बघितलं तर सात वेळा खड्डा, आणि २०१४-१५ असा लागोपाठ दोन वर्षांचा. त्या खड्ड्यातून घर वर कसं आलं, तो कॉलम भरताना फोनवर जरा शांतता झाली. दोन म्हशींचं दूध. मामेभावाचा रांजणगावच्या कंपनीतला पगार. २०१८ ला मामींनी विकलेल्या सगळ्या शेळ्या. त्या परत का घेतल्या नाहीत विचारलं, तर म्हणे गावामागच्या माळाला कुंपण पडलं, चारायच्या कुठे? आणि शेवटी मामा म्हणाले, "तू पाठवलेलं बी लिही की." मी लिहिलं. १९१७ च्या पुस्तकातला दुसरा गट होता तो, बाहेरच्या कमाईवर तगलेला. माझे वडील १९८० च्या सुमारास पिंपरीतल्या कारखान्यात लागले म्हणून आम्ही त्या गटात गेलो, आणि माझा टॉवर त्याच पिंपळे सौदागरच्या तुकड्या तुकड्यांच्या जमिनीवर उभा आहे.

मग बोअरचा खर्च त्याच तक्त्यात टाकला. चांगल्या वर्षी हप्ता सहज फिटतो. पण पाणी आटतं ते वाईट वर्षीच, आणि हप्ता त्या वर्षीही असतो. दोन वाईट वर्षं लागोपाठ आली तर दोन एकर विकावेच लागतात, तेही पडेल भावाने. मी मामांना 'बोअर मारू नका' असं म्हटलं नाही. मी कोण सांगणार? फक्त आकडे वाचून दाखवले.

मामा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे पाऊस किती पडंल ते नाय, दोन साल नाय पडला तर काय, ते बघायचं."

"हो मामा."

"हे तर आमच्या म्हाताऱ्याला बी ठावं होतं. त्यानं कधी बैल आन् शेरडं एकदम विकली नाहीत."

खरंय. ५७२ जिल्ह्यांचे नकाशे लागतातच; पीक विमा, धरणं, सरकारी पैसा कुठे जावा हे त्याशिवाय ठरणार नाही. पण त्या नकाशातला रंग आणि मामांचं घर ह्यांच्या मधे एक पायरी हवी: गावात जाऊन, घरोघरचा, शेत-माळ-पगार एकत्र धरून, वाईटात वाईट दोन वर्षांचा हिशेब. आज महसूल मंडळांमध्ये दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, सातबारा ऑनलाइन आहे, जंगलाचे उपग्रहातले फोटो आहेत. मान आणि कानिटकरांकडे ह्यातलं काही नव्हतं, तरी त्यांनी दोन गावं पूर्ण केली.

मामांनी बोअरचा निर्णय दिवाळीनंतरवर ढकललाय. सध्या ताल दुरुस्त करायचं आणि माळाचा विषय ग्रामसभेत काढायचा असं चाललंय. पुढच्या शनिवारी मी तिकडे जातोय, तक्ता घेऊन. शेजारच्या तीन घरांनीही 'आमचं बी मांडून दे' म्हणून सांगितलंय. १०३ मधली चार झाली म्हणायची.

ता. क.: तक्ता कुणाला हवा असेल तर सांगा, पाठवतो. त्यात 'सरासरी'चा कॉलम मुद्दाम ठेवलेला नाही.